गाडी एकच, धडक कोणाशीच नाही : मग भरपाई मागायची कोणाकडे?

कृष्णाकाठ

नमस्कार. कायद्याची आणि विम्याची जाण असलेल्या सभासदांकडून मार्गदर्शन हवे आहे, म्हणून सगळी हकिकत सविस्तर लिहितो.

यंदा 21 जुलैच्या रात्री माझे थोरले बंधू एका बारशाहून सातारा जिल्ह्यातील एका राज्यमार्गाने घरी परतत होते. गाडी वहिनींच्या भावाच्या नावावर आहे. आमची गाडी दुरुस्तीला दिली असल्यामुळे ती त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणली होती. दादांच्या शेजारी त्यांचे कार्यालयातील सहकारी बसले होते, मागे वहिनी आणि सहा वर्षांचा पुतण्या. पावसाची झड होती. एका मोरीचे काम चालू असल्याने रस्ता वळवलेला होता, पण तेथे ना फलक होता ना दिवा. मुरुमाचा ढीग अगदी जवळ आल्यावर दिसला, दादांनी गाडी डावीकडे घेतली, ती साइडपट्टीच्या चिखलावरून घसरली आणि खालच्या शेतात उलटली. दादांचा उजवा हात मोडला, सहकाऱ्यांच्या तीन बरगड्या मोडल्या, वहिनींच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली. पुतण्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. वहिनी घरी शिवणकाम करतात आणि मशीन पायाने चालवायचे असल्यामुळे ते काम तेव्हापासून बंद आहे.

पोलिस ठाण्यात आम्हाला सांगण्यात आले की दुसरे वाहन नसल्यामुळे गुन्हा नोंदवायचाच झाला तर तो तुमच्या भावावरच नोंदवावा लागेल. ते ऐकून आम्ही घाबरलो आणि स्टेशन डायरीतील नोंदीवर समाधान मानून परत आलो. आता साडेतीन महिने झाले आहेत. ओळखीच्या एका विमा प्रतिनिधीने सुचवले की गाडी मालक स्वतः चालवत होते असे लिहून द्या, मालकाला पंधरा लाखांचे संरक्षण असते. हे मनाला पटत नाही, पण खर्चाचा आकडाही झोप लागू देत नाही. अशा अपघातात नेमका कोणाचा हक्क असतो आणि जबाबदारी कोणावर येते?

घाटमाथा

मी गेली बरीच वर्षे मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर काम करतो. तुमची कागदपत्रे पाहिलेली नसल्यामुळे खालील मजकूर प्राथमिक मत म्हणून वाचावा.

आपल्या बोलण्यात ‘गाडीला अपघात झाला’ असे असते. कायदा मात्र गाडीत कोण कोठे आणि कोणत्या नात्याने बसले होते, हे विचारतो. तुमच्या गाडीत चार माणसे होती आणि त्यांच्यापैकी तिघे एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला आहेत. वहिनी, पुतण्या आणि सहकारी यांनी गाडी चालवली नाही, त्यांच्याकडे निष्काळजीपणाचा प्रश्नच येत नाही. म्हणून मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 166 खाली त्यांना चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध दावा करता येतो. समोर दुसरे वाहन असलेच पाहिजे, अशी अट त्या कलमात नाही.

या विषयावरचा आमच्या पिढीने पाठ केलेला एक निकाल आहे. डिसेंबर 1960 मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार उजव्या कडेला जाऊन झाडावर आदळली, चालवणारे व्यवस्थापक आणि सोबतचे पुरुषोत्तम उदेशी हे दोघेही गेले. अपघात पाहणारा साक्षीदार नव्हता. उच्च न्यायालयात वारसांचा दावा फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तो निकाल फिरवला आणि सांगितले की रुंद रस्त्यावरून चाललेली गाडी चुकीच्या बाजूला जाऊन झाडावर आदळते, तेव्हा ती घटनाच निष्काळजीपणाविषयी बोलते आणि मग खुलासा देण्याची जबाबदारी गाडीवाल्यांवर येते. मालक कंपनी जबाबदार ठरली. मात्र विमा कंपनीची जबाबदारी 15,000 रुपयांपुरतीच राहिली, कारण त्या पॉलिसीत प्रवाशांसाठी तेवढीच मर्यादा होती. पुष्पाबाई उदेशी यांच्या या खटल्यातील अर्धा भाग दावेदाराच्या बाजूचा आहे आणि उरलेला अर्धा पॉलिसीतील शब्दांचा. तुमचेही गणित त्या दुसऱ्या अर्ध्यावर अडणार आहे, म्हणून पॉलिसीची सर्व पाने शोधून ठेवा.

दादांविषयी मात्र वेगळे सांगावे लागते. मागून आणलेली गाडी चालवणारा मनुष्य मालकाच्या जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने निंगम्मा (2009) आणि रामखिलाडी (2020) या निकालांत म्हटले आहे. त्यामुळे त्याच गाडीच्या तृतीय पक्ष (थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या) विम्यातून त्यांना स्वतःच्या दुखापतीची भरपाई मागता येत नाही.

गुन्ह्याविषयी : पोलिसांनी सांगितले ते अगदीच चूक नव्हते. प्रवाशाला दुखापत झाली असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 281 आणि 125 चालकाविरुद्ध लागू शकते, मग तो प्रवासी त्याची पत्नी का असेना. सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो सप्टेंबर 2022 मधील चारोटीजवळचा अपघातही एकाच गाडीचा होता आणि त्यातही पुढे चालकाविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. परंतु गुन्हा नोंदला नाही म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. प्राधिकरणासमोर फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कशाची शक्यता अधिक आहे एवढेच पाहिले जाते. आणि फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे. स्टेशन डायरीचा उतारा, रुग्णालयातील पहिल्या रात्रीची एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद आणि त्या जागेची छायाचित्रे आजच गोळा करा.

शेवटची आणि तातडीची गोष्ट मुदतीची. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करण्याची अट आहे. तिच्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि ते प्रलंबित असेपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही आहे. तरीही त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्यासाठी 21 जानेवारी हीच तारीख समजा.

मोजपट्टी

मी निवृत्त विमा सर्वेक्षक आहे. त्या प्रतिनिधीच्या सल्ल्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही.

चालक बदलून लिहिणे ही फसवणूक आहे, हे तर झालेच; पण ती किती सहज उघडी पडते, तेही ऐका. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो. जोराचा आदळ बसला की त्याच रेषेत त्वचेवर जांभळा वळ उठतो. शेजारी बसलेल्याचा वळ डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जातो. रुग्णालयातील डॉक्टर पहिल्याच तपासणीत हा वळ लिहून ठेवतात, त्यांना विम्याशी काही देणेघेणे नसते. मी अशा एका प्रकरणात फक्त दोन कागद शेजारी ठेवले होते : दावा अर्जावर चालक म्हणून सही करणाऱ्या गृहस्थांच्या अंगावर ओरखडा नव्हता आणि ‘मागे बसलेल्या’ मुलाच्या उजव्या खांद्यापासून खाली वीतभर वळ होता. शिवाय आसन किती मागे सरकवले आहे, आरसा कोणाच्या उंचीला लावला आहे, हेही आम्ही पाहतो.

आणि हा खोटेपणा करून हाती काही लागणारही नाही. ते पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असतानाचे असते आणि ते मृत्यू, हात-पाय किंवा डोळा कायमचा गमावणे, कायमचे पूर्ण अपंगत्व अशाच प्रसंगी मिळते. मोडलेल्या हाडाच्या उपचारखर्चासाठी त्यात तरतूद नाही. खोटे लिहिले तर वहिनींचा खरा दावाही संशयाच्या भोवऱ्यात सापडेल.

गाडीच्या नुकसानीचा दावा केला आहे का? उशीर झाला असला तरी कंपनीला लेखी कळवा आणि उशिराचे कारण खरे तेच लिहा. गाडी अजून गॅरेजमध्ये तशीच असेल तर दुरुस्ती सुरू करू नका.

रानवारा

मला यातील एक गोष्ट अन्यायकारक वाटते. ज्याने विम्याचा हप्ता भरला त्याच्या घरातील कमावता माणूस गेला तरी, केवळ तो स्टिअरिंगवर होता म्हणून, घरच्यांना काहीच मिळू नये? कलम 164 मध्ये तर कोणाची चूक आहे हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देण्याची तरतूद आहे, असे वाचले होते.

घाटमाथा

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि न्यायालयेही त्यावर एकमताने बोलत नाहीत. 2 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात, स्वतःच्या बेदरकार चालवण्यामुळे मरण पावलेल्या चालकाच्या वारसांना भरपाई नाकारणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर महिनाभरातच दुसऱ्या पीठासमोर एक प्रकरण आले. टायर फुटून गाडी इमारतीवर आदळली होती, लहान मुलीचे आईवडील दोघेही गेले होते आणि गाडी वडिलांची होती. कोणाची चूक आहे हे न पाहता भरपाई देणारे जुने कलम 163-अ मालकाच्या वारसांनाही लागू होते का, हा प्रश्न त्या पीठाने मोठ्या पीठाकडे सोपवला. आजचे कलम 164 त्याच जुन्या कलमाच्या जागी आलेले आहे.

म्हणून चालकाच्या बाबतीत मी अशिलाला ‘मिळेल’ असे सांगत नाही आणि ‘विसरून जा’ असेही सांगत नाही. दादांच्या दुखापतीपुरता वेगळा विचार करावा लागेल. वहिनींचा दावा दादांच्या प्रश्नासाठी अडवून ठेवू नका.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री पॉलिसी शोधली आणि पायाखालची जमीन सरकली. गाडी मार्च 2024 मध्ये घेतलेली आहे. वहिनींच्या भावांची समजूत होती की नव्या गाडीला तीन वर्षांचा ‘फुल इन्शुरन्स’ असतो. कागदावर दोन तारखा आहेत : स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मार्च 2025 मध्येच संपले आहे आणि तृतीय पक्षाचे मार्च 2027 पर्यंत चालू आहे. म्हणजे अपघाताच्या दिवशी केवळ थर्ड पार्टीच शिल्लक होते. गाडीचे सोडा, पण आता वहिनींचे काय? शेजारच्या शेतकऱ्याची जलवाहिनीही गाडीखाली फुटली होती, त्याचे पैसे आम्ही अजून दिलेले नाहीत.

मोजपट्टी

ही चूक मी शेकडो घरांत पाहिली आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. विक्रेता पहिल्या वर्षाचे स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण त्यालाच जोडून एकच कागद देतो आणि ग्राहक त्यावरचा मोठा आकडा वाचून निश्चिंत होतो. गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आता तुम्हालाच करावा लागणार. जलवाहिनीचे मात्र तसे नाही. खासगी मोटारीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे संरक्षण असते. हप्ता कमी करण्यासाठी ते सहा हजारांवर आणलेले नाही ना, एवढे पाहून घ्या.

घाटमाथा

थर्ड पार्टी म्हटले की लगेच हात टेकू नका. येथे दोन प्रकारच्या पॉलिसींची वाक्ये वेगळी आहेत आणि सगळा दावा त्या वाक्यांवर उभा राहतो.

निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत, खासगी वाहनातून फुकट प्रवास करणारा मनुष्य संरक्षित नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंग प्रकरणात (2006) म्हटले आहे. सर्वंकष (स्वतःच्या नुकसानीचेही संरक्षण असलेल्या) पॉलिसीत तो संरक्षित असतो. बालकृष्णन निकालात (2012) विमा नियामकाच्या 2009 मधील परिपत्रकाचा आधार घेऊन न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. सर्वंकष पॉलिसीच्या दायित्वाच्या भागात ‘वाहनातून नेल्या जाणाऱ्या व्यक्तींसह कोणत्याही व्यक्तीचा मृत्यू किंवा शारीरिक इजा’ अशा अर्थाचे शब्द असतात, कायद्यापुरत्या पॉलिसीत ‘मोटार वाहन कायद्यानुसार आवश्यक असेल तेवढ्यापुरते’ एवढेच असते.

तुमची पॉलिसी या दोहोंच्या मधली आहे. ती जन्मली सर्वंकष म्हणून, एका वर्षाने तिचा एक भाग संपला आणि दायित्वाचा भाग मूळ शब्दांसह पुढे चालू राहिला. त्या भागात ‘वाहनातील व्यक्तींसह’ हे शब्द असतील तर मी बालकृष्णनचा आधार घेऊन कंपनीलाच जबाबदार धरण्याची मागणी करीन. कंपनी अर्थातच म्हणेल की आता ही केवळ कायद्यापुरती पॉलिसी उरली आहे. निकाल काय लागेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या पानावरच्या तक्त्याने भागणार नाही, शर्तींची पूर्ण पुस्तिका ईमेलवर आलेली असते, ती काढा.

कंपनी सुटली तर रक्कम दादा आणि वहिनींचे भाऊ यांच्यावर येईल, हेही घरात मोकळेपणाने बोलून घ्या. गाडी विश्वासाने उसनी देणारा मालकही भरपाईच्या जबाबदारीत ओढला जातो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

अनुराधा_पु

आमच्याकडे 2019 मध्ये वडील गाडी चालवत असताना ती दुभाजकावर चढली आणि आईला अपंगत्व आले. दावा आईने वडिलांविरुद्ध केला होता. नातेवाइकांनी बोलायचे ते बोलून घेतले.

मूळ बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, रिक्षाच्या पावत्या यांची तारखेनुसार फाइल आजपासूनच करा, कारण आम्ही केली नव्हती आणि साक्षीच्या वेळी फार ओढाताण झाली. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के लिहिलेले असतात, परंतु त्या टक्क्यांमुळे तुमचे नेमके कोणते काम बंद पडले, हे वेगळे सिद्ध करावे लागते. वहिनींच्या बाबतीत पायाचे मशीन, गिऱ्हाइकांची मापांची वही, दोऱ्या-अस्तराची बिले हाच उत्पन्नाचा पुरावा आहे. ती वही जपून ठेवा. शिवणकाम नसते तरीही गृहिणीच्या कामाचे मोल धरले जाते, असे आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील निकालावरून दाखवले होते. आणि मेडिक्लेममधून रुग्णालयाचे बिल भागले असेल तरी उपचारखर्च मागणे सोडू नका; मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय दिला आहे.

मुरूमखडी

मी रस्त्यांच्या कामांवर देखरेख करणारा अभियंता आहे आणि इतका वेळ कोणी त्या ढिगाविषयी बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. काम चालू असलेल्या जागी वाहतूक कशी वळवावी यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:55 ही मार्गदर्शिका आहे. वळणाच्या बऱ्याच आधीपासून सूचना फलक, परावर्तक लावलेले अडथळे आणि रात्री दिवे, हे सर्व ठेकेदाराच्या करारातील काम असते आणि त्याचे पैसे त्याला मिळतात. माहिती अधिकारात त्या कामाचा करार, वाहतूक नियोजनाचा आराखडा आणि जुलैमधील कामाची दैनंदिन नोंदवही मागा. फलक ‘लावले’ असे वहीत लिहिलेले असेल तर अपघाताच्या रात्रीची छायाचित्रे असल्यास ती अधिकच मोलाची ठरतील. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आले आहे. सदोष बांधकामामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

रानवारा

उच्च न्यायालयाने खड्ड्यांसाठी सहा लाखांचा आदेश दिला होता, तो येथे लागू होईल का?

घाटमाथा

ऑक्टोबर 2025 मधील तो मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूंसाठी सहा लाख आणि दुखापतींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख, असा आहे. मुरुमाच्या ढिगाला खड्डा म्हणता येणार नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

ठेकेदाराला दाव्यात आणायचे का, हा खरा डावपेचाचा प्रश्न आहे. केवळ रस्त्याचाच दोष आहे आणि गाडी चालवण्यात काहीच चूक नव्हती, असे ठरले तर मोटार अपघात प्राधिकरणाचा अधिकारच उरत नाही आणि दिवाणी न्यायालयात जावे लागते. दोघांचाही दोष असेल तर वाहनाव्यतिरिक्तच्या दोषी पक्षालाही प्राधिकरणासमोर आणता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये केरळमधील रेल्वे फाटकाच्या प्रकरणात सांगितले. आणि दोघांच्या मिळून झालेल्या चुकीत निष्पाप प्रवासी दोघांपैकी कोणाकडूनही संपूर्ण रक्कम वसूल करू शकतो, त्यांनी आपसातले वाटप नंतर करावे, असे 2015 च्या खेन्येई निकालात आहे. दादांची कड घेण्याच्या भरात ‘सगळा दोष ढिगाचाच’ असे वहिनींच्या अर्जात लिहिले, तर आपणच आपला दरवाजा बंद करून घेऊ. त्या रात्री पावसात वेग किती होता, दिवे कोणते लावले होते, हे दादांनी जबाबात जसे होते तसे सांगावे.

कृष्णाकाठ

आज दुपारी शर्तींची पुस्तिका मिळाली. दायित्वाच्या भागात ‘वाहनातील व्यक्तींसह’ या अर्थाचे शब्द आहेत, घाटमाथा यांना छायाचित्र पाठवले आहे. शेतकऱ्याच्या जलवाहिनीविषयी कंपनीला लेखी कळवले आणि माहिती अधिकाराचा अर्जही टपालाने पाठवला. सहकाऱ्यांनी आपला दावा वेगळा करायचे ठरवले आहे, त्याचे आम्हाला वाईट वाटलेले नाही.

वहिनींनी आज वकीलपत्रावर सही केली. अर्जात सामनेवाले क्रमांक एक दादा, क्रमांक दोन वहिनींचे भाऊ, क्रमांक तीन विमा कंपनी आणि क्रमांक चार ठेकेदार, असा क्रम ठरला आहे. क्रमांक एकची नोटीस आमच्याच पत्त्यावर येणार असून दादांचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये असल्यामुळे ती डाव्या हाताने सही करून घ्यावी लागेल. तशी सही चालते का, तेवढे कोणी सांगावे.

घाटमाथा

चालते. डाव्या हाताच्या सहीखाली तारीख घाला आणि प्लास्टर असल्याचा डॉक्टरांचा कागद जोडून ठेवा.